जुन्या स्पोर्ट्स कारमधील छुपे सस्पेन्शन बदल : लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

लक्षणे

नुकतीच घेतलेली जुनी गाडी गतिरोधकावरून हळू उतरवताना, लोंबकळलेल्या पुढच्या चाकावर पुन्हा भार येतो त्या क्षणी एकच ‘टक्क’ असा धातूचा आवाज येतो. साध्या खडबडीत रस्त्यावर मात्र तो येत नाही. पुढच्या टायरची बाहेरची नक्षी ठसठशीत असते, पण आतली कड काही हजार किलोमीटरांतच गुळगुळीत होऊन तारा दिसू लागतात. मागच्या सीटवर दोन माणसे आणि डिकीत सामान आले की प्रत्येक खड्ड्यात मागची बाजू रबरावर आपटते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासतो. अवजड ट्रकांमुळे डांबरात पडलेल्या चाकोऱ्यांमागे गाडी आपोआप ओढली जाते. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून आणल्यावर गाडी आठवडाभर सरळ चालते आणि पुन्हा एका बाजूला जाऊ लागते. एबीएसचा दिवा खड्ड्यात क्षणभर लागतो आणि विझतो. रात्री समोरून येणारे चालक वारंवार डिपर देतात.

यांपैकी एखादे लक्षण झिजलेल्या बुशमुळे (सांध्यातल्या रबरी अस्तरामुळे) किंवा गळणाऱ्या शॉकअपमुळेही दिसू शकते आणि तसे असेल तर तो भाग बदलल्यावर तक्रार संपते. परंतु दोन-तीन लक्षणे एकत्र असतील, आणि विशेषतः भाग बदलूनही ती परत येत असतील, तर आधीच्या मालकाने सस्पेन्शनमध्ये काय फेरफार केले आहेत हे शोधल्याशिवाय पुढचा एकही रुपया खर्च करू नये.

रत्नागिरीजवळच्या हातखंबा तिठ्यालगत माझ्या गॅरेजमध्ये हा एकच बिघाड वेगवेगळ्या गाड्यांतून पुन्हा पुन्हा येतो. पोलो जीटी, फिएटची अबार्थ पुंटो, ऑक्टाविया आरएस, क्वचित एखादी ऑडी टीटी किंवा बीएमडब्ल्यू झेडफोर, अशा गाड्या मुंबई-पुण्याकडून हौसेने आणलेल्या असतात. बहुतेक मालक आधी टायर बदलतात, मग लिंक रॉड, मग शॉकअपची वरची माउंटिंग, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत माझ्याकडे येतात. बदललेले भाग खरोखरच झिजलेले असतात, म्हणून प्रत्येक मेकॅनिकचे निदान वरवर बरोबर ठरते. पण ते भाग वेळेआधी का झिजले, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

आपल्या कोकण किनाऱ्यावर हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण येथे येणाऱ्या गाडीत अनेकदा एकावर एक असे दोन बदल झालेले असतात. पहिल्या मालकाने शहरात गाडी दिसायला रुबाबदार व्हावी म्हणून स्प्रिंग कापून किंवा आखूड स्प्रिंग बसवून ती खाली आणलेली असते. दुसऱ्या मालकाला ती गाडी गावच्या रस्त्यावर, जांभ्याच्या चढणीवर आणि पावसाने उखडलेल्या डांबरावर नेता येत नाही, म्हणून तो स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर अडकवून किंवा माउंटिंगखाली जाड चकती घालून ती पुन्हा वर उचलतो. तिसऱ्या मालकाच्या हाती येते तेव्हा गाडीची उंची जवळपास मूळ गाडीइतकीच असते आणि आतले एकही अंग मूळ राहिलेले नसते. म्हणून उंची बरोबर दिसते एवढ्यावरून सस्पेन्शन कंपनीचे आहे असे गृहीत धरू नये.

पहिली तपासणी : जुना मालक आणि कागद

यासाठी एक पैसाही लागत नाही, आणि तरीही ही तपासणी सर्वाधिक वेळा टाळली जाते. गाडी घेतल्यानंतर पहिल्या आठवड्यातच आधीच्या मालकाला फोन करून शांतपणे दोन प्रश्न विचारावेत. सस्पेन्शनमध्ये काय बदलले, हा पहिला. काढलेले मूळ स्प्रिंग आणि शॉकअप कुठे आहेत, हा दुसरा, आणि तोच महत्त्वाचा. महागडा संच बसवणारे लोक जुने भाग सहसा लगेच टाकून देत नाहीत. ते खोक्यात घालून माळ्यावर किंवा गॅलरीत ठेवलेले असतात आणि गाडी विकताना द्यायचे विसरतात. तेवढ्या एका फोनने माझ्याकडच्या कित्येक मालकांचे हजारो रुपये वाचले आहेत. सहा महिन्यांनी फोन केला तर ते खोके भंगारात गेलेले असते.

विचारताना आरोपाचा सूर लावू नये. समोरच्याने फसवले असे प्रत्येक वेळी नसते. त्यालाही गाडी तशीच मिळालेली असू शकते.

सर्व्हिसची बिले असतील तर त्यांत स्प्रिंग, शॉकअप, कॉइलओव्हर, कॅम्बर बोल्ट, स्पेसर हे शब्द शोधावेत. एकाच वर्षात तीन-चार वेळा अलाइनमेंट केल्याची बिले सापडली, तर ती आणखी बोलकी असतात.

दुसरी तपासणी : टायर

चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूस टायरचा मूळ आकार आणि हवेचा दाब लिहिलेला स्टिकर असतो. तो आकार टायरवरच्या आकड्यांशी ताडून पाहावा. रिम मोठी आणि टायर बसका असेल, तर रस्त्याचे धक्के गिळणारी रबराची भिंतच कमी झालेली असते आणि सस्पेन्शन कडक झाल्याचा भास निम्मा तरी त्यामुळे होतो. आकारानंतर येणारा भार-निर्देशांकही वाचावा. उदाहरणार्थ, ८४ हा निर्देशांक प्रत्येक टायरला ५०० किलो भार सांगतो आणि ९१ हा ६१५ किलो. मूळ निर्देशांकापेक्षा कमी क्षमतेचा टायर बसवलेला असेल तर इतर सगळ्या तपासण्या बाजूला ठेवून आधी तो बदलावा.

त्यानंतर टायर थंड असताना हवा स्टिकरप्रमाणे भरून घ्यावी. कमी हवेमुळेही गाडी ओढते आणि टायर झिजतो, त्यामुळे हवा बरोबर केल्याशिवाय पुढचे कोणतेही निरीक्षण भरवशाचे राहत नाही.

आता हाताचा तळवा टायरच्या पृष्ठभागावरून आडवा फिरवावा, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत. आधी टायरच्या कडेला तुटलेल्या तारा नाहीत हे बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावे, कारण त्या हातात शिरतात. एका दिशेने हात गुळगुळीत सरकत असेल आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागत असेल, तर चाके समांतर नाहीत, म्हणजे टो बिघडलेला आहे. आतली कड नुसतीच गुळगुळीत झिजली असेल, तर कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा तिरकेपणा, जास्त आहे. गाडी खाली बसवली की हे दोन्ही बदलतात. लोक कॅम्बरला दोष देतात, कारण चाक तिरके झालेले डोळ्यांना दिसते. पण टायर लवकर खातो तो टो. ज्याने गाडी खाली आणली त्याने त्यानंतर अलाइनमेंट केले होते की नाही, हे सांगणारा पहिला साक्षीदार टायरच असतो.

तिसरी तपासणी : मोजपट्टी

चाकाच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर मोजावे. बहुतेक जण जमिनीपासून मोजतात, आणि तेथे चूक होते, कारण मोठा टायर बसवलेला असला की जमिनीपासूनची उंची वाढलेली दिसते. केंद्रापासून कमानीपर्यंतचे अंतर टायरच्या आकारावर अवलंबून नसते.

मोजण्याची जागा सपाट असणे आवश्यक आहे, आणि कोकणात घराचे अंगण बहुधा पाणी वाहून जाण्यासाठी उतरते केलेले असते. चिऱ्याची भिंत बांधताना गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तीच नळी चारही चाकांपाशी धरून जागेची पातळी पाहता येते. गाडी नुकतीच जॅकवरून उतरवलेली असेल तर ती आधी चार-पाच मीटर पुढे-मागे करावी, कारण उतरताना टायर बाजूला फाकून अडकतात आणि गाडी काही मिलिमीटर उंच राहते. गाडी रिकामी असावी, हवा स्टिकरप्रमाणे असावी आणि हँडब्रेक सोडलेला असावा.

डाव्या-उजव्या बाजूंत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आढळला तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. स्प्रिंग मोडलेला असू शकतो, एकाच बाजूचा बदललेला असू शकतो, किंवा दोन्ही बाजू हाताने कापताना कमी-जास्त झालेल्या असू शकतात. त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची, कधीही न छेडलेली गाडी कोणाकडे असेल, तर तिची मापे घेऊन तुलना करावी. इंजिन तेच असावे हा आग्रह अनाठायी नाही. डिझेल इंजिन जड असते म्हणून त्याच गाडीच्या डिझेल प्रकारातले पुढचे स्प्रिंग अधिक ताकदीचे असतात, आणि पेट्रोल गाडीला उंची मिळावी म्हणून तिला डिझेलचे स्प्रिंग बसवण्याचा स्वस्त उपाय सर्रास केला जातो. तशा गाडीचे नाक वर राहते, मूळ शॉकअपला तो स्प्रिंग आवरत नाही आणि पावसात घाट उतरताना पुढची चाके रस्ता धरत नाहीत, अशी तक्रार मालक करतो.

चारही कोपरे हाताने दाबून पाहण्याची जुनी पद्धत येथे फारशी उपयोगी नाही, असे माझे मत आहे. मूळ सस्पेन्शनमध्ये गाडी दाबून सोडल्यावर ती एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे, हे खरे आहे. परंतु कडक स्प्रिंग हाताने दबतच नाही, त्यामुळे खराब शॉकअपही चांगला वाटतो.

चौथी तपासणी : स्टिअरिंग वळवून, बॅटरीच्या उजेडात

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे, इंजिन बंद करावे आणि चाकामागच्या मोकळ्या जागेतून स्प्रिंग पाहावा. गाडी उचलायची गरज नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक प्रकरणांचा उलगडा येथेच होतो, म्हणून या तपासणीला अर्धा तास द्यावा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत.

पहिल्यांदा स्प्रिंगचे टोक शोधावे. कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगच्या टोकावरही रंगाचा थर असतो आणि ते टोक खालच्या वाटीतल्या खाचेत नेमके टेकलेले असते. कापलेल्या स्प्रिंगचे टोक चौकोनी, खरखरीत आणि उघड्या लोखंडाचे असते. गॅस कटरने कापले असेल तर कडेला वितळून गोठलेले थेंब दिसतात आणि खाऱ्या हवेत त्या जागी गंज आधी धरतो. रंगावर विसंबू नये. कापलेल्या स्प्रिंगवर काळा स्प्रे मारलेला मी अनेकदा पाहिला आहे. मूळ स्प्रिंगवर सहसा रंगाचे ठिपके किंवा क्रमांकाची पट्टी असते. एका बाजूला ठिपके आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, असे दिसले तर स्प्रिंगची जोडी एक नाही.

कापलेला स्प्रिंग धोकादायक का, हे नीट समजून घ्यावे, कारण ‘एकच तर वेढा काढलाय’ हे वाक्य फार वेळा ऐकू येते. स्प्रिंगचा कडकपणा त्याच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला एक काढला तर उरलेला स्प्रिंग २० टक्के कडक होतो. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगसाठी बनवलेला असतो, त्यामुळे दाबलेला स्प्रिंग जोराने उसळतो तेव्हा त्याला रोखण्याची ताकद शॉकअपमध्ये नसते. गाडी खाली बसल्यामुळे शॉकअपचा दांडा कायम आत गेलेला राहतो, शेवटचा धक्का झेलण्यासाठी असलेले बंप स्टॉपचे रबर लवकर टेकते आणि तेच रबर स्प्रिंगचे काम करू लागते. शिवाय कटरच्या उष्णतेने टोकाजवळच्या पोलादाचे पाणी उतरते आणि स्प्रिंग पुढे तेथूनच बसतो किंवा तुटतो.

वेढ्यांच्या मध्ये रबराचे किंवा पारदर्शक प्लास्टिकचे अर्धवट कडे अडकवलेले दिसले तर ते काढून टाकावे, आणि ते कशासाठी घातले होते हे पुढच्या तपासणीत शोधावे. असे कडे एक-दोन वेढ्यांची हालचाल बंद करते आणि सगळा ताण शेजारच्या वेढ्यावर येतो. त्याच्या खाली लाल चिखल आणि समुद्राकडचा खारा ओलावा कोंडून राहतो, रंगाचा थर उडतो, गंजाचे खड्डे पडतात आणि नेमक्या त्याच जागी स्प्रिंग मोडतो. तसे मोडलेले स्प्रिंग माझ्याकडे कोपऱ्यात जमा आहेत आणि येणाऱ्या प्रत्येक मालकाला मी ते दाखवतो.

शॉकअपच्या नळीवर आटे आणि दोन गोल नट दिसले तर गाडीला कॉइलओव्हर आहेत, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा संच आहे. ही वाईट बातमीच असते असे नाही. चांगल्या बनावटीचा, बिल असलेला आणि आटे स्वच्छ असलेला संच योग्य उंचीवर आणून ठेवता येतो आणि गाडी उत्तम चालते. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. नळी पोलादाची आणि नट ॲल्युमिनियमचे असतील तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना खातात, लाल माती आट्यांत जाऊन दगडासारखी बसते आणि दोन-तीन पावसाळ्यांत नट हलेनासे होतात. ते हातोडीने ठोकून फिरवू नयेत; आटे गेले की संपूर्ण संच निकामी होतो.

त्याच वेळी ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर पाहावी. मूळ शॉकअपवर या दोन्हींना धरण्यासाठी पट्टी असते. बाहेरून घेतलेल्या शॉकअपवर ती पट्टी नसली तर बसवणारा माणूस वायर प्लास्टिकच्या टायने कोठेतरी बांधून देतो. ती ताणली जाते आणि खड्ड्यात एबीएसचा दिवा लागतो. ब्रेकची नळी टायरला किंवा स्प्रिंगला घासल्याची खूण दिसली, तर गाडी तेथेच उभी ठेवावी. घाट उतरताना फुटलेली ब्रेकची नळी दुसरी संधी देत नाही.

चाक आणि हब यांच्या मध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती, म्हणजे व्हील स्पेसर असेल, तर चाकाचा एक बोल्ट सोडवून परत लावताना हाताने किती फेरे बसतात ते मोजावे. साधारण सहा-सात पूर्ण फेऱ्यांपेक्षा कमी बसत असतील तर बोल्ट आखूड आहेत, आणि मी तशी गाडी रस्त्यावर नेऊ देत नाही.

पाचवी तपासणी : चाक लोंबकळवून

येथून पुढे चूक झाली तर जीवावर बेतू शकते. गाडी केवळ जॅकवर असताना तिच्याखाली हात किंवा डोके कधीही घालू नये. दोन मजबूत घोड्या (जॅक स्टँड) आणि उरलेल्या चाकांना उटी लावल्याशिवाय हे काम करू नये. पावसाळ्यात मातीच्या अंगणात तर करूच नये. वरून टणक दिसणारी लाल माती आतून भिजलेली असते आणि जॅक फळीसकट खचतो. सिमेंटची जागा नसेल तर ही तपासणी गॅरेजमध्येच करून घ्यावी.

चाक हवेत लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलवून पाहावा. तो दोन्ही वाट्यांत घट्ट धरलेला असला पाहिजे. तो फिरला, वरखाली सरकला किंवा खुळखुळला, तर स्प्रिंग शॉकअपच्या मानाने आखूड आहे, आणि लक्षणांतल्या पहिल्या ‘टक्क’ आवाजाचे कारण तुमच्या हातात आहे. पोलो आणि पुंटोसारख्या गाड्यांत मागचा स्प्रिंग शॉकअपपासून वेगळा बसलेला असतो. तो सैल असेल तर मोठ्या खड्ड्यात जागेवरून निसटून पडूही शकतो.

हे मी एका गाडीवर चूक करून शिकलो. गणपतीच्या चार दिवस आधी एक चाकरमानी नुकतीच घेतलेली पोलो घेऊन आले. आवाज पुढून येत होता. मी लिंक रॉड बदलले, आवाज राहिला. वरची माउंटिंग बदलली, आवाज राहिला. गाडी रॅम्पवर चाकांवरच उभी करून मी सगळे पाहत होतो, आणि भार असताना कापलेला स्प्रिंगही घट्टच बसलेला असतो. सण आटोपून परत जाताना त्यांनी गाडी पुन्हा आणली, तेव्हा ती दोन खांबांच्या लिफ्टवर घेतली, चाके लोंबकळली, आणि डावा स्प्रिंग हाताने गोल फिरला. त्यांनी आधी दिलेले मजुरीचे पैसे मी परत केले. तेव्हापासून आवाजाची तक्रार असलेल्या प्रत्येक जुन्या गाडीची चाके मी सर्वात आधी लोंबकळवतो.

याच स्थितीत चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवावे. वर-खाली खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग आणि डावी-उजवीकडे असेल तर स्टिअरिंगचा टाय रॉड एंड पाहावा. चकती घालून उचललेल्या गाडीत एक्सलचा कोन वाढतो, म्हणून एक्सलच्या टोकांवरच्या सीव्ही जॉइंटचे रबरी बूट फाटले आहेत का, तेही बघावे.

सहावी तपासणी : अलाइनमेंटचा छापील कागद

ही सशुल्क तपासणी आहे, पण ती निदानासाठी करायची आहे, दुरुस्तीसाठी नाही. मशीनवर गाडी घेतल्यावर काहीही न हलवता आधी मूळ मापांचा कागद छापून मागावा. ‘झालं साहेब, सरळ केली’ एवढे उत्तर स्वीकारू नये. अनेक छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो जुळवता येतो. कॅम्बर जुळवण्याची सोय नसते किंवा अगदी थोडी असते. तरीही कॅम्बर मर्यादेबाहेर असेल, तर उंची बदललेली आहे, कॅम्बर बोल्ट घातलेले आहेत किंवा काहीतरी वाकलेले आहे. मागे सलग बीम असलेल्या गाडीत मागच्या चाकांचा टो आणि कॅम्बर सहसा जुळवता येत नाहीत, त्यामुळे तेथे माप चुकले तर अपघाताची शक्यता धरून चालावे आणि चेसिसची मापे घ्यावीत.

कुठे थांबावे

वरच्या सहा तपासण्यांत तुम्ही सस्पेन्शनचा एकही सांधा उघडलेला नाही, मुख्यतः पाहिले आणि मोजले आहे, आणि घरच्या घरी काम येथेच थांबवावे. शॉकअपच्या वरच्या टोकाचा मधला नट कोणत्याही कारणाने सोडवू नये. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये कित्येकशे किलोंचा जोर कोंडलेला असतो आणि तो नट सुटला की स्प्रिंग, वाटी आणि माउंटिंग गोळीसारखी उडतात. बाजारात मिळणारे दोन हुकांचे हलके कॉम्प्रेसर कडक किंवा कापलेल्या स्प्रिंगवरून सरकतात. ज्या गॅरेजमध्ये भिंतीला किंवा स्टँडला घट्ट बसवलेला कॉम्प्रेसर आहे, तेथेच हे काम द्यावे.

मूळ गाडीत विजेवर चालणारे, कडकपणा बदलणारे शॉकअप असतील, तर ते काम सामान्य गॅरेजचेही नाही. अशा गाडीत साधे शॉकअप बसवून डॅशबोर्डवरचा इशारा कोडिंगने बंद केलेला असू शकतो, आणि ते केवळ योग्य स्कॅनर असलेला तज्ज्ञच ओळखू शकतो. दिव्यांची उंची आपोआप जुळवणाऱ्या गाडीत सस्पेन्शनच्या आर्मला एक सेन्सर जोडलेला असतो. उंची बदलल्यावर तोही पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातच राहतो. चेसिसच्या पट्टीला वेल्डिंग केलेले दिसले, तर दुरुस्तीचा विचार करण्याआधी गाडी ठेवावी की नाही, याचा विचार करावा.

काम देताना काय सांगावे

मूळ भागांची मागणी १७ अक्षरी चेसिस क्रमांकावरून करावी, केवळ मॉडेलच्या नावावरून नाही. पेट्रोल-डिझेल आणि वर्षागणिक स्प्रिंग बदलतात. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही, अशी जोडीनेच खरेदी करावी. कापलेल्या स्प्रिंगसोबत चाललेला शॉकअप बाहेरून कोरडा दिसला तरी तो आतून थकलेला असतो, म्हणून नुसते स्प्रिंग बदलून पैसे वाचवू नयेत. बंप स्टॉप आणि दांड्याचा बूट हे स्वस्त भाग सोबतच नवे घ्यावेत. गाडी खाली आणणाऱ्यांनी बंप स्टॉपही कापलेला असतो आणि तो तसाच ठेवला की नवा शॉकअप वर्षभरात जातो.

आणखी एक सूचना मेकॅनिकला आवर्जून द्यावी. चाक धरणाऱ्या लोअर आर्मच्या बुशांचे बोल्ट चाके लोंबकळत असताना शेवटचे आवळू नयेत. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला जातो तीच त्याची विश्रांतीची स्थिती होते. चाक हवेत असताना आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही ते पिळलेलेच राहते, मग काही महिन्यांत फाटते. गाडी रॅम्पवर, स्वतःच्या वजनावर उभी करून हे बोल्ट टॉर्क पान्याने आवळावेत. त्यानंतर अलाइनमेंट करावे आणि तीन-चारशे किलोमीटर चालवून, स्प्रिंग जागेवर बसल्यावर, ते पुन्हा एकदा तपासावे.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच कलम ठामपणे अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्याने लिहिलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. बदल आधीच्या मालकाने केला होता, हे रस्त्यावर थांबवलेल्या माणसाला सिद्ध करत बसावे लागते. म्हणून चौथ्या तपासणीत काढलेले फोटो, आधीच्या मालकाचे फोनवरचे संदेश आणि दुरुस्तीचे तपशीलवार बिल गाडीच्या कागदांसोबत ठेवावे. काढलेले कापीव स्प्रिंग मात्र गॅरेजमध्ये सोडून येऊ नयेत. ते पुन्हा कोणाच्या तरी गाडीत जातात. मी ते मालकासमोर मधोमध कापून भंगारात टाकतो.

दुरुस्तीनंतर मी गाडी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे नेऊन परत आणतो. त्या चढ-उतारांवर आणि वळणांवर स्टिअरिंग हलके सोडल्यावर ते आपोआप सरळ येते का, उतारावर ब्रेक लावताना नाक एका बाजूला झुकते का आणि गतिरोधकावरून चाक उतरताना पहिला ‘टक्क’ ऐकू येतो का, एवढ्या तीन गोष्टी पाहाव्यात. तिन्ही ठीक असतील तर परतल्यावर मोजपट्टीने चारही कमानींची मापे पुन्हा घ्यावीत आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच मापांशी तुलना करता येईल.